खंडेनवमीची कात्री

ऑक्टोबर लागला की स्लाऊच्या देशी दुकानांबाहेर झेंडूचे हार टांगलेले दिसू लागतात. मी राहतो रीडिंगला, पण हारांसाठी मुद्दाम स्लाऊला जातो, कारण आमच्या जवळच्या गार्डन सेंटरमध्ये झेंडू मागितला की तिथली मुलगी कुंडी हातात देते आणि तुमच्याकडे ऊन कुठल्या बाजूने येतं ते विचारते. ऊन कुठल्याच बाजूने येत नाही, हे तिलाही ठाऊक असतं. हार पिशवीत घालून मी परतीच्या ट्रेनमध्ये बसतो आणि मेडनहेड येईपर्यंत माझी बोटं चिकट व्हायला लागतात. रुमालाला पुसतो, पुन्हा चिकट. झेंडूला चीक नसतो. हा चीक दुसऱ्याच झाडाचा आहे, आणि ते झाड घरातून जाऊन काही वर्षं झाली. बोटांना हे कोण सांगणार?

ते झाड गांजाचं होतं. आडून आडून सांगण्यात अर्थ नाही, आणि शैलाला ते आवडलंही नसतं.

शैला माझी बायको. उभं आयुष्य तिने इथल्या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काढलं. सर्जनने हात पुढे केला की त्यात नेमकं हत्यार ठेवायचं, हे तिचं काम. तिच्या उजव्या अंगठ्याच्या आतल्या बाजूला एक तिरकी जुनी खूण होती, एका घाईतल्या सर्जनने परत देताना दिलेल्या ब्लेडची. त्या सर्जनबद्दल ती कधी वाईट बोलली नाही, पण नाव निघालं की अंगठा चोळायची. थिएटरचा एक नियम तिने घरीही आणला होता. पोट शिवण्याआधी सगळी हत्यारं ट्रेमध्ये परत आली पाहिजेत. मोजणी जुळल्याशिवाय टाका घालायचा नाही, सर्जन कितीही मोठा असो. आमच्याकडे साधा चमचा हरवला तरी ही बाई कचऱ्याची पिशवी उपसायची. जे लपवलं ते पोटात राहिलं, असं तिचं म्हणणं.

मग तिला एमएस झाला, हळूहळू नसा निकामी करणारा आजार. आधी पायात मुंग्या, मग काठी, मग चाकाची खुर्ची. या आजारात पाय जातात ते लोकांना दिसतं. पेटके दिसत नाहीत. संध्याकाळ झाली की तिच्या पिंढऱ्या दगडासारख्या व्हायच्या आणि गुडघे पोटाशी ओढले जायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी पेटके थोडे थांबायचे पण शैलाही थांबायची. दिवसभर सोफ्यावर, तोंड अर्धवट उघडं. मग एक स्प्रे दिला, त्याने तोंडभर फोड आले. खाजगी क्लिनिक आमच्या आवाक्यातलं नव्हतं. शेवटी हॉस्पिटलातल्या तिच्या ओळखीच्या एका जुन्या पोर्टरने, म्हणजे वॉर्डबॉयने, केविनने, एक रोप आणून दिलं. टोमॅटोच्या कुंडीत होतं आणि त्याने ते आणलंही टोमॅटो म्हणूनच.

या देशात घरी असं झाड लावणं गुन्हा आहे, एक लावा नाही तर शेत लावा. मी जन्मभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याची नोकरी केलेला माणूस. लाल सिग्नलला रस्ता रिकामा असला तरी उभा राहणारा. मला त्या कुंडीकडे बघून घाम फुटायचा. पण पहिलं पीक निघालं, ते आम्ही तुपात कढवलं, शैलाने संध्याकाळी त्या तुपाचा एक चमचा भाकरीवर घेतला, आणि जेवण झाल्यावर तिने आपले पाय आपणहून सरळ केले. मला म्हणाली, "बघा, लांब झाले." त्यानंतर माझा घाम आटला.

वरची छोटी खोली, जिथे आमची मुलगी रेवती लहानपणी अभ्यास करायची, ती झाडाची झाली. वर्षभर पाणी घालण्यापलीकडे फारसं काही नसे. खरं काम ऑक्टोबरात. झाड कापलं की फुलांभोवतीची बारीक पानं काढायची असतात, आणि फुलाला हात न लावता काढायची असतात, कारण गुण त्या फुलावरच्या चिकात असतो. शैला त्याला "निवडणं" म्हणायची. "चला, निवडायला बसू," असं, मेथीची जुडी पुढ्यात घेतल्यासारखं. डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र, त्यावर स्टीलचं ताट, बाजूला रेडिओ. वास लपवायला उदबत्त्या. शेजारची म्हातारी मार्गारेट दरवर्षी विचारायची, "तुमचा तो फेस्टिव्हल आला वाटतं?" आम्ही हो म्हणायचो. नवरात्र असायचंच, त्यामुळे खोटंही नव्हतं.

कात्रीवरून मात्र आमचं दरवर्षी वाजायचं. पहिल्या वर्षी स्वयंपाकघरातली कोथिंबिरीची कात्री घेतली. ती जड, शैलाचं मनगट दहा पानांत दमलं. दुसऱ्या वर्षी भरतकामाची आणली, सोनेरी बगळ्याच्या आकाराची. बगळ्याची चोच कामाला फार छान, पण बोटं घालायच्या कड्या बाहुलीच्या मापाच्या. औषधांनी सुजलेला शैलाचा अंगठा तिच्यात अडकला तो साबण लावून सोडवावा लागला. मग मी शहाणपणा केला. ऑनलाइन एक यंत्र मागवलं, बंद भांडं, आत पाती, वर फिरवायची मूठ. पाच मिनिटांत सगळं होईल अशी जाहिरात होती. झालंही. शैलाने झाकण काढून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "अहो, हे कोशिंबिरीला बरं आहे." पुढे त्यात कोबीच चिरला.

चिकाचा उपाय मात्र माझा. दोन-चार पानं कातरली की पाती एकमेकांना धरून बसतात, बोटं कागदाला चिकटतात, नाक खाजलं तरी हात लावायची सोय नाही. तो चीक पहिल्यांदा हाताला लागला तेव्हा मला आमचं कणकवलीकडचं अंगण आठवलं. फणस फोडायच्या आधी हाताला आणि विळीला तेल लावतात, हे कोकणात शेंबड्या पोरालाही कळतं. मी खोबरेलाची बाटली आणली. इथे ऑक्टोबरात खोबरेल गोठतं, म्हणून ती रेडिएटरवर ठेवावी लागते. शैलाच्या हातांना मी तेल चोळलं, पात्यांना बोट फिरवलं. कात्री सुरसुर चालायला लागली. शैला सोलापूरची, तिला फणसाचं काही सोयरसुतक नाही, पण त्या दिवशी म्हणाली, "कोकणातली माणसं अगदीच वाया गेलेली नसतात."

ज्या वर्षाबद्दल सांगायचं आहे, त्या वर्षी तिचे हात गेले होते. पुरते नाही. मूठ मिटायची, पण उघडायची नाही. कात्री एकदा बंद झाली की बंद. दुसऱ्या हाताने बोटं उलगडायची, पुन्हा एक पान, पुन्हा उलगडायची. मी म्हटलं, मी करतो सगळं. तिने ऐकून घेतलं आणि कोट मागितला. आम्ही गार्डन सेंटरला गेलो.

तिथे भिंतभर कात्र्या टांगलेल्या होत्या. शैलाने पर्समधून टिश्यू काढला, पाण्याच्या बाटलीतून ओला केला आणि एकेक कात्री मागू लागली. ओला टिश्यू पात्याच्या टोकाने कापायचा. टोक बोथट असेल तर कागद कापला न जाता दुमडतो. थिएटरमध्ये ती कात्र्या अशाच तपासायची. चकचकीत जपानी कात्रीने टिश्यू चघळला. गुलाबांच्या कात्रीने फाडला. शेवटी एक लहानशी मिळाली, लाल मुठीची, पाती बारीक आणि टोकाशी जरा वळलेली, मध्ये स्प्रिंग. दाबली की मिटायची आणि सोडली की आपणहून उघडायची. उघडताना ती शैलाची बोटंही बरोबर उघडायची. शैलाने ती हवेतच चारदा मिटली-उघडली. रिकामी कात्री वाजवू नये, भांडण होतं, असं मी म्हणणार होतो, पण तिचा चेहरा बघितला आणि पाकीट काढलं.

"व्हॉट आर यू ट्रिमिंग, लव्ह?" तिथल्या मुलीने विचारलं.

"होली बेझिल," शैलाने तुळशीचं नाव पुढे केलं. "वी प्रे टु इट."

गाडीत बसल्यावर आम्ही दोघं खूप हसलो. तसं हसणं नंतर झालं नाही.

कात्री चांगली होती, हात वाईट होते. दरवर्षी रेवती यायच्या आधी आमचं सगळं उरकलेलं असायचं. खिडक्या उघडून, उदबत्त्या लावून आम्ही साळसूद बसलेले असायचो. त्या वर्षी काम संपेना. शैला रोज थोडं निवडायची आणि दमून मागे टेकायची. खंडेनवमी आली तेव्हा अर्धं झाड वरच्या खोलीत दोरीवर तसंच लटकत होतं.

इथे सण शनिवारी येतात. कॅलेंडरमध्ये खंडेनवमी कधीही असो, आम्ही ती जवळच्या शनिवारी करतो, म्हणजे रेवतीला क्रॉयडनहून येता येतं. आमच्या घरी या दिवशी हत्यारांची पूजा. कोकणात कोयती आणि पहार असायची, इथे स्क्रूड्रायव्हर, गाडीची किल्ली, माझा लॅपटॉप, शैलाची निवृत्तीपर्यंत वापरलेली थिएटरची कात्री. आणि रेवती नोकरीला लागल्यापासून तिचा ऑफिसचा पास. ती क्रॉयडनला सरकारी व्हिसा ऑफिसात आहे. ज्याचं पोट ज्याच्यावर, ते त्याचं हत्यार. त्या दिवशी ही हत्यारं देवापुढून उचलायची नाहीत, वापरायची नाहीत. एक दिवस त्यांनाही सुट्टी.

सकाळी मी सगळं घासूनपुसून पाटावर मांडत होतो. शैला खुर्चीतून म्हणाली, "ती लाल पण ठेवा. माझी झोप आता तिच्या जिवावर आहे."

मी तेलाचा बोळा घेऊन ती पुसायला गेलो.

"पुसू नका. तशीच राहू दे."

जी बाई न पुसलेली कात्री ट्रेमध्ये ठेवणाऱ्या शिकाऊ नर्सला रडवायची, ती हे म्हणत होती. माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही. मी ती तशीच ठेवली, काळ्या चिकाने माखलेली, आणि वर झेंडूचं फूल. पोलिसांपासून वर्षानुवर्षं लपवलेल्या गोष्टीचा पुरावा देवासमोर हळदकुंकू लावून मांडायचा, हे आमच्यासारख्यांनाच सुचू शकतं.

रेवती आली, पाया पडली, गळ्यातला पास निळ्या फितीसकट पाटावर ठेवायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. ती इथे वाढलेली, इथल्या युनिव्हर्सिटीत शिकलेली. तिला तो वास ओळखायला उदबत्ती आड आली नाही.

"आई, हा कात्री कशाचा आहे?"

"बस," शैला म्हणाली. "सांगते."

आणि तिने सांगितलं. पाळी बदलताना पेशंटची माहिती देतात तसं, कधीपासून, किती, गुण काय, कुठे ठेवलंय. काही वगळलं नाही. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तिला सांगायचंच होतं. मुलीपासून लपवून ठेवलेलं तिला सहन होत नव्हतं, आणि तिचं मनातलं नेहमी हत्यारांतूनच बाहेर यायचं.

रेवती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "यू वेअर अ नर्स, आई. तुला लॉ माहिती आहे."

"आहे."

"माझी प्रमोशन आहे. जानेवारीत नवीन व्हेटिंग आहे, बॅकग्राउंड चेक. दे आस्क यू एव्हरीथिंग, फॅमिलीबद्दल पण. मी काय सांगू? मी लाय नाही करू शकत, मला येत पण नाही. माझा जॉब जाईल, फ्लॅट जाईल." तिचा आवाज चढला नव्हता, उलट बारीक होत गेला. "तुम्ही मला विचारायचं तरी."

मी म्हणालो, "तू काही पाहिलंच नाहीस असं समज. आत्ता निघून जा, फोन कर संध्याकाळी."

"अहो, असं नसतं," शैला म्हणाली. मग रेवतीकडे बघून, "हे तुझ्या पोटात ठेवून मी टाका घालणार नाही. उद्या काढून टाकू."

"मग विंटरमध्ये तू काय करणार?"

"गोळ्या आहेत की."

"आय'म नॉट आस्किंग यू टु, आई."

"तू नाहीच सांगत आहेस. मी सांगतेय."

रेवती तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. शैलाचा हात तिच्या केसांवर होता. मिटलेली मूठच ती केसांवरून फिरवत होती. मी पुरणाचा गॅस बंद केला. त्या दिवशी कुणी पाटाला हात लावला नाही. हत्यारं तशीच बसून होती, पास आणि कात्री शेजारी शेजारी, आणि वर दोरीवर उरलेलं झाड.

रविवारी पाऊस होता. मागच्या बागेत रुबार्बच्या, त्या आंबट देठांच्या भाजीच्या, वाफ्याजवळ रेवतीने खड्डा खणला. मी वरून सगळं आणलं, निवडलेलं आणि न निवडलेलं, दोन काळ्या पिशव्यांत. शैला कॉन्झर्वेटरीच्या काचेमागे खुर्चीत बसून बघत होती. मधेच तिने काच वाजवली. मला वाटलं, नको म्हणतेय. ती म्हणत होती, पिशवी काढून घ्या, प्लास्टिक कुजत नाही. जाताना रेवतीने कात्री पेपरात गुंडाळून बॅगेत टाकली. "इथल्या बिनमध्ये नको," म्हणाली. "मी टाकते."

तो हिवाळा मी कुणाला फारसा सांगत नाही. चार वाजता अंधार पडायचा आणि त्याच वेळी पेटके सुरू व्हायचे. मी तिचे पाय मांडीवर घेऊन बसायचो. मूठ इतकी घट्ट मिटायची की नखं तळव्यात रुतायची. एकेक बोट उलगडून मी आत नॅपकिनची गुंडाळी ठेवायचो. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्या स्वेटरची बटणं बघत राहायची. गोळ्या वाढवल्या, मग तेही बघणं गेलं. मी एकदा म्हणालो, केविनला फोन करतो. तिने मान हलवली. मला राग यायचा, कायद्याचा, रेवतीचा, शैलाच्या त्या मोजणीचा. पोटात एखादी गोष्ट राहिली म्हणून सगळीच माणसं मरत नाहीत, असं मला तिच्यावर ओरडायचं होतं. अजूनही कधी कधी ओरडावंसं वाटतं.

जानेवारीत रेवतीचा फोन आला, "झालं, क्लिअर झालं." त्या दिवशी शैलाने गोळी उशिरा घेतली, जागी राहता यावं म्हणून. मला म्हणाली, "पेढे आणा." फेब्रुवारीत तिच्या छातीत कफ भरला, आणि बागेत क्रोकसची पहिली फुलं आली त्या आठवड्यात ती हॉस्पिटलात गेली ती तिथेच संपली. तिच्याच जुन्या हॉस्पिटलात. त्या वसंतात वाफ्यातला रुबार्ब कमरेएवढा वाढला. मी तो कापला नाही.

त्यानंतरही खंडेनवमीला रेवती येते. पास ठेवते, जेवते, भांडी घासते, माझ्या फ्रिजमधले जुने डबे फेकते. आम्ही आईबद्दल बोलतो, त्या हिवाळ्याबद्दल बोलत नाही.

यंदा आली तेव्हा मी पाट मांडत होतो. तिने पास ठेवला. मग बॅगेतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला, त्यातून किचन रोलची गुंडाळी, आणि ती उलगडून लाल मुठीची कात्री पासाशेजारी ठेवली. वास गेला होता. चीक वाळून काळा झाला होता.

"स्टेशनवर बिन होता, बाबा," ती म्हणाली. "मी उभी राहिले. ट्रेन गेली. मग दुसरी पण गेली. नाही टाकता आला."

"मग एवढी वर्षं?"

"ड्रॉवरमध्ये. फ्लॅट बदलला तेव्हा पण बरोबर नेला."

ती पाटासमोर बसली. पदर नव्हता, तरी पदर सावरावा तसा स्वेटर ओढला.

"बाबा, त्यांनी विचारलंच नाही."

"काय?"

"व्हेटिंगमध्ये. माझी बँक विचारली, ट्रॅव्हल विचारला, फ्लॅटमेट कोण होता ते विचारलं. तुमच्या दोघांबद्दल फक्त बर्थप्लेस. कणकवलीचा स्पेलिंग दोनदा विचारला. दॅट वॉज इट. मी वेट करत होते, आता विचारतील, आता विचारतील. मग तो माणूस म्हणाला, थँक यू, वुई आर डन."

मला उठून बाहेर जावंसं वाटलं. शैलाचा तो सगळा हिवाळा माझ्या मांडीवर पुन्हा येऊन पडला, पिंढऱ्यांसकट.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? ते तर जमिनीत होतं. आणि आई पेढे आणा म्हणाली होती ना."

मी तिच्याकडे बघितलं. तिचे केस पांढरे व्हायला लागलेत, हे मला आधी दिसलं नव्हतं. माझी मुलगी एवढी वर्षं हे पोटात घेऊन ऑफिसला जात होती. जे होऊ नये म्हणून शैलाने तो हिवाळा काढला, नेमकं तेच झालं होतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार होतो.

मग पूजा करायची म्हणून मी हळदकुंकवाची वाटी पुढे ओढली. स्क्रूड्रायव्हरला लावलं, लॅपटॉपला, किल्लीला, थिएटरच्या कात्रीला, पासाला. लाल कात्रीच्या मुठीवर बोट नेलं आणि तिथेच थांबलो. वाळलेल्या काळ्या चिकात अंगठ्याचा ठसा होता. सगळ्या रेषा स्पष्ट होत्या, आणि त्यांच्यावरून गेलेली ती ब्लेडची तिरकी खूण.

रेवतीला ते दिसलं नाही. तिला मी माखलेली मूठ बघून थांबलोय असं वाटलं. "पुसायचा राहिला, सॉरी," ती म्हणाली आणि रेडिएटरवरची खोबरेलाची बाटली घेऊन आली. "तेलाने निघतो ना हा? तुम्ही फणसाचं सांगायचे."

"निघतो," मी म्हणालो. एका थेंबात निघाला असता.

मी कुंकू पात्याला लावलं. मग तिच्या हातातून बाटली घेतली आणि स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर, मागे ठेवून आलो.